रन देण्याआधी : टोपोलॉजी ऑप्टिमायझेशनची मांडणी

गेल्या हिवाळ्यात आमच्याकडे एक काम आले. ट्रकच्या मागच्या कमानपाट्याचा हँगर ब्रॅकेट, म्हणजे पाटा चेसिसला अडकवणारा भाग, सहज न तडकणाऱ्या ओतीव लोखंडाच्या एसजी आयर्न ५००/७ या प्रकारातला, वजन ७.४ किलो. ग्राहकाचे म्हणणे एवढेच होते की वजन दीड किलोने तरी उतरवावे, आणि चेसिसवरची चार भोके व पाट्याच्या पिनचे भोक जागचे हलवू नये. कोल्हापूरजवळच्या शिरोलीत ओतकामाचे डिझाइन करणाऱ्या कोणालाही वजनाचे महत्त्व वेगळे समजावून सांगावे लागत नाही, कारण ओतकामाचा दर किलोवर ठरतो, भट्टीतली वीजही किलोच्या हिशेबाने जळते, आणि गाडीवर चढलेला तोच किलो पुढची कित्येक वर्षे डिझेल खात राहतो. म्हणून हा भाग टोपोलॉजी ऑप्टिमायझेशनने, म्हणजे धातू कुठे ठेवायचा आणि कुठून काढायचा हे संगणकाच्या गणिताने ठरवून, करायचे आम्ही ठरवले. या पद्धतीवरच्या बहुतेक व्हिडिओंमध्ये रन दिल्यानंतर, म्हणजे संगणकाला गणित सोडवायला लावल्यानंतर, झाडाच्या फांद्यांसारखा आकार कसा उगवतो ते दाखवतात. पण माझ्या अनुभवात तो आकार रन देण्याआधीच्या मांडणीतच ठरून गेलेला असतो, आणि ती मांडणी कशी करावी हे सांगणारे मराठीत मला काही सापडले नाही, म्हणून हे लिहीत आहे.

आधी सॉफ्टवेअर आत काय करते ते पाहू, कारण ते माहीत नसेल तर पुढचे निर्णय अंदाजाने घ्यावे लागतात. आपण दिलेल्या जागेचे ते हजारो बारीक घटकांत तुकडे करते आणि प्रत्येक घटकाला शून्य ते एक यांमधली एक घनता देते. एक म्हणजे भरीव धातू, शून्य म्हणजे मोकळी जागा. अडचण अशी की ०.५ घनतेचा धातू ओतता येत नाही. म्हणून घटकाची ताठरता घनतेच्या प्रमाणात न धरता घनतेच्या घनाच्या प्रमाणात धरतात, ०.५ चा घन ०.१२५, म्हणजे वजन आठ आण्यांचे द्यायचे आणि ताठरता मात्र दोनच आण्यांची मिळायची. असा तोट्याचा व्यवहार गणितालाही नको असतो, त्यामुळे घटक आपोआप एकाच्या किंवा शून्याच्या बाजूला सरकतात. मार्टिन बेंडसो आणि नोबोरू किकुची यांच्या १९८८ च्या शोधनिबंधापासून ही विद्याशाखा आजच्या रूपात वाढली, आणि ओले सिगमुंड यांनी २००१ मध्ये तिचा गाभा मॅटलॅब या गणिती प्रोग्रॅमिंग भाषेच्या अवघ्या ९९ ओळींत मांडून दाखवला. ज्यांना हे मनापासून समजून घ्यायचे आहे त्यांनी महागड्या सॉफ्टवेअरच्या आधी त्या ९९ ओळी चालवून पाहाव्यात. त्यातला घातांक ३ ऐवजी १ केला की तुळईचे स्पष्ट दांडे नाहीसे होऊन सगळीकडे राखाडी धुके कसे पसरते, हे एकदा डोळ्यांनी पाहिले की पुन्हा विसरत नाही.

सॉफ्टवेअर कोणतेही असो, नेहमीचे उद्दिष्ट असते ते ठरावीक वजनात जास्तीत जास्त ताठरता मिळवण्याचे. सॉलिडवर्क्समध्ये त्याला वजनाच्या तुलनेत सर्वोत्तम ताठरता म्हणतात, फ्यूजनमध्ये शेप ऑप्टिमायझेशनच्या अभ्यासात वजनाची टक्केवारी देतात. नावे वेगळी, गाभा तोच. या उद्दिष्टात धातू तुटेल की नाही हा प्रश्न कुठेच विचारलेला नसतो, याकडे मी मुद्दाम लक्ष वेधते. एकच लोड केस (एकाच वेळी लागणाऱ्या भारांचा संच) असेल तर भार दुप्पट करून पाहा, आकार तोच येईल. एसजी आयर्नऐवजी पोलाद किंवा ॲल्युमिनियम द्या, तरीही आकार जवळपास तोच येईल. भाराची दिशा आणि भार लागण्याची जागा आकार ठरवतात. मजबुतीची परीक्षा नंतर वेगळी घ्यावी लागते.

लोड केसचे काम मला सर्वांत जड गेले, आणि चूकही तिथेच झाली. पाट्याचा डोळा ब्रॅकेटला वर ढकलतो, ब्रेक मारला की पुढे-मागे ओढतो आणि वळणावर आडवा रेटतो. आडवा रेटा डाव्या वळणाला एका बाजूला आणि उजव्या वळणाला दुसऱ्या बाजूला असतो. पहिल्या मांडणीत मी हे दोन्ही आडवे भार एकाच लोड केसमध्ये घातले. गणित रेषीय असल्यामुळे ८ किलोन्यूटन डावीकडे आणि ८ किलोन्यूटन उजवीकडे यांची बेरीज शून्य झाली, आणि सॉफ्टवेअरच्या लेखी ट्रक कधी वळलाच नाही. आलेला आकार दिसायला सुरेख होता, पण पाटीसारखा चपटा होता. आडव्या रेट्याला तोंड देणारी एकही बरगडी त्यात नव्हती. कोणतीही सूचना किंवा लाल खूण आली नाही, कारण संगणकाच्या दृष्टीने काही चुकलेच नव्हते. एकाच वेळी खरोखर लागणारे भार एका केसमध्ये, आणि वेगवेगळ्या क्षणी लागणारे भार वेगवेगळ्या केसमध्ये, एवढे पथ्य पाळले असते तर आठवडा वाचला असता.

केस वेगळ्या केल्यावर दुसरा प्रश्न उभा राहिला. उभा भार २४ किलोन्यूटन आणि आडवा ८. ताठरतेचा हिशेब भाराने केलेल्या कामावर चालतो आणि ते काम भाराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे बाकी सगळे सारखे असेल तर तिप्पट भाराची केस नऊपट आवाजात बोलते आणि लहान भाराचे म्हणणे ऐकूच येत नाही. म्हणून प्रत्येक केस आधी एकेकटी चालवून तिचे मूल्य लिहून घेतले आणि त्यानुसार प्रत्येकीला कमी-जास्त भारांक देऊन सर्व केस एका पातळीवर आणल्या. त्यानंतर कोणत्या केसला मुद्दाम झुकते माप द्यायचे, हा निर्णय गणिताचा राहत नाही, तो रस्त्याचा होतो. त्यासाठी मी गळीत हंगामात एका सकाळी उसाच्या फडाशेजारी जाऊन उभी राहिले. भरलेला ट्रक शेतातल्या चाकोरीतून डांबरी रस्त्यावर चढतो तेव्हा मागचे एक चाक आधी वर येते, दुसरे अजून मातीतच असते, आणि सगळी चेसिस पिळवटते. त्या क्षणी एका ब्रॅकेटवर वरचा भार आणि आडवा रेटा दोन्ही एकदम असतात. ही पाचवी केस आमच्या यादीत नव्हती. ती तिथे उभे राहिल्यावर आली, आणि तिलाच आम्ही झुकते माप दिले.

सपोर्टबद्दल, म्हणजे भाग कुठे आणि कसा धरला आहे हे सांगण्याबद्दल, असेच सविस्तर लिहायला हवे. चार बोल्टची भोके निवडून ती पूर्ण स्थिर करणे ही सर्वांची पहिली सवय असते, माझीही होती. तसे केले की प्रत्येक भोक म्हणजे डोंगरात पुरलेला खांब होतो. ते ओढही घेते, दाबही घेते, मुरगळाही घेते. मग सॉफ्टवेअर पिनपासून चार भोकांपर्यंत चार पाय काढते आणि चेसिसला टेकणारी मधली पाठ खाऊन टाकते. प्रत्यक्षात बोल्ट फक्त ओढून धरतो. पाटा वर ढकलतो तेव्हा चेसिसबाहेर आलेल्या ब्रॅकेटचे खालचे बोल्ट ओढले जातात आणि पाठीची वरची कड चेसिसला दाबली जाते. म्हणजे ज्या कडेला सॉफ्टवेअर निरुपयोगी समजून काढत होते तीच कड अर्धा भार पेलत होती. आम्ही जुन्या ब्रॅकेटचे बोल्टच्या ताणासह आणि संपर्कासह एक साधे विश्लेषण आधी केले, पाठीवर दाब नेमका कुठे येतो ते पाहिले, आणि प्रत्येक केसमध्ये तेवढाच पट्टा चेसिसच्या दिशेने अडवला. भोकांऐवजी वॉशरखालची कडी धरली. एवढ्या बदलाने पाठ परत आली.

जागा देतानाही हात आखडू नये. जुना भागच डिझाइनची जागा म्हणून दिला तर सॉफ्टवेअर त्यात भोके पाडण्यापलीकडे काही करू शकत नाही. जुन्या माणसाने जिथे धातू ठेवलाच नाही तिथे तो नेण्याची मुभा त्याला मिळत नाही. म्हणून पाटा, चेसिस, ब्रेकची नळी आणि चाक यांच्या हालचालीला लागणारी जागा वजा करून उरलेली सगळी पोकळी आम्ही डिझाइनसाठी दिली. पिनच्या डोळ्याभोवतीची कडी आणि बोल्टखालच्या बैठका मात्र हात न लावण्याच्या भागांत ठेवल्या. एक गोष्ट राहून गेली होती, ती असेंब्लीवाल्यांनी दाखवली : बोल्ट आवळायच्या पान्याचे सॉकेट आत जायला जागा हवी. मग प्रत्येक बोल्टसमोर सॉकेटच्या मापाचा एक रिकामा दंडगोल कायमचा वजा करून टाकला.

यानंतरचा आकार घेऊन मी पॅटर्न शॉपमध्ये, म्हणजे वाळूत ठसा उमटवणारे नमुने जिथे बनवतात तिथे, गेले. तिथल्या आण्णांनी मॉनिटरकडे थोडा वेळ पाहिले आणि म्हणाले, “ताई, चित्र झ्याक हाय, पण पॅटर्न वाळूतनं उचलायचा कसा? हितं आत अडकतंय बघा. ह्याला दोन कोअर जादा लागतील.” कोअर म्हणजे पोकळी राखण्यासाठी साच्यात ठेवायचा वाळूचा गाभा. आण्णांनी दोन्ही तळहात एकमेकांवर ठेवून अलगद वेगळे केले, आणि मोल्डची फाट, म्हणजे साच्याचे दोन भाग मिळतात ती रेघ, कुठे यायला हवी ते एका बोटाने पडद्यावर ओढून दाखवले. ती रेघ मी तशीच मांडणीत घातली : साचा सुटण्याची दिशा, दोन्ही बाजूंना, फाट त्या पातळीवर. ही अट घातली की सॉफ्टवेअर आतल्या बंद पोकळ्या आणि आडव्या खाचा टाळते. सोबत सममितीची अट दिली, कारण डावा आणि उजवा ब्रॅकेट एकच असला तर पॅटर्न एकच लागतो, आणि पॅटर्नचा खर्च काही थोडाथोडका नसतो.

जाडीची किमान मर्यादा आम्ही ८ मिलिमीटर ठेवली, आणि ती पाळली जावी म्हणून मेशचा, म्हणजे तुकड्यांच्या जाळीचा, घटक २.५ मिलिमीटरचा घेतला, म्हणजे सर्वांत पातळ बरगडीतही तीन घटक बसतात. याहून मोठा घटक घेतला तर ती मर्यादा कागदावरच राहते. आणि मोह आवरला नाही तर घटक निम्मा केल्यावर त्यांची संख्या आठपट होऊन संगणक रात्रभर अडकतो. कमाल जाडीची मर्यादाही तितकीच महत्त्वाची आहे. तीन-चार बरगड्या एका ठिकाणी येऊन धातूचा गोळा झाला की तो सर्वांत शेवटी गोठतो आणि आत पोकळ राहतो. फाउंड्रीत वाढलेल्या माणसाला हे उपजत कळते, सॉफ्टवेअरला ते सांगावे लागते.

या सगळ्या अटींनिशी केलेल्या रनने ४.९ किलो दाखवले. या आकड्यावर विश्वास ठेवू नये, कारण किती घनतेच्या वरचे घटक दाखवायचे ती पट्टी थोडी सरकवली की वजन बदलते, आणि जास्त सरकवली तर एखादी बरगडी मधूनच तुटलेली दिसते. मी तो खडबडीत आकार फक्त खालचा आराखडा म्हणून घेतला आणि त्यावर नवे, स्वच्छ मॉडेल काढले. बाहेरच्या भिंतींना १ अंश आणि आतल्या भिंतींना २ अंश उतार दिला, सांध्यांना ६ ते ८ मिलिमीटरची गोलाई दिली, मशिनिंगसाठी पिनच्या डोळ्यावर जास्तीचा धातू ठेवला. मशिनिंग झाल्यानंतरचे वजन ५.६ किलो भरले. ग्राहकाने मागितलेल्या दीड किलोपेक्षा ते थोडे जास्तच उतरले होते.

मजबुतीची परीक्षा त्यानंतर घेतली, खऱ्या बोल्टसह आणि खऱ्या संपर्कासह. एसजी ५००/७ चा यील्ड, म्हणजे धातू कायमचा वाकू लागतो तो ताण, ३२० मेगापास्कल असला तरी रोज लागणाऱ्या भारांसाठी आम्ही १५० ची मर्यादा घालून घेतली, कारण हा भाग एका झटक्यात तुटणार नाही, तो लाखो झटक्यांनी थकेल, आणि ओतकामाची खरबरीत कातडी त्या थकण्याला मदतच करते. पिनच्या डोळ्याखालच्या एका सांध्यात १७१ आले. तिथली गोलाई ८ वरून १२ केली, तेव्हा ते १४४ वर आले. वजन वीस-पंचवीस ग्रॅमने वाढले.

पहिले पाच नमुने मागच्या महिन्यात ओतून आले. त्यांतला एक आम्ही डोळ्याच्या मधोमध कापून पाहिला. डोळा स्वच्छ होता, पण जिथे दोन तिरप्या बरगड्या पाठीला मिळतात तिथे टाचणीच्या टोकाएवढी सच्छिद्रता दिसली. आण्णांचे म्हणणे रायझर (गोठताना जादा धातू पुरवणारा साच्यातला साठा) त्या बाजूला सरकवावा असे आहे. मला वाटते त्या दोन बरगड्यांचे सांधे १५ मिलिमीटरने एकमेकांपासून दूर न्यावेत आणि कमाल जाडीची अट त्या भागात आणखी आवळून रन पुन्हा द्यावा. या आठवड्यात दोन्ही करून पाहणार आहोत, आणि दोन्ही नमुने कापून शेजारी शेजारी ठेवणार आहोत.