दिल्लीचा पारा, सावद्यातून

पुण्यातल्या भाच्याने विचारलं, "मामा, तापमानावर सौदे होतात म्हणे. तुम्हाला दिल्लीचं हवामान पाठ आहे, मग कमवा की!" पाठ वगैरे काही नाही भो. सावद्याहून दिल्लीला केळीच्या गाड्या भरणाऱ्या व्यापाऱ्याकडे मी हिशेब लिहितो. बऱ्हाणपूरच्या लिलावाचा भाव कळण्याआधी दिल्लीचा पारा बघायची सवय त्यातूनच लागली. तिकडे कडाका पडला की दिल्लीच्या आझादपूर मंडीची मागणी बसते, आणि वाटेत १३ अंशांखाली गारठलेल्या केळीची साल काळवंडते. पैसे मी लावत नाही. वहीत अंदाज मात्र लिहितो.

सौद्याचं गणित तसं सोपं. शिकागोच्या एक्सचेंजवर १९९९ पासून अटलांटा, डॅलस अशा शहरांच्या तापमानावर हे चालतं. दिवसाचं कमाल आणि किमान यांची सरासरी काढायची. ती ६५ फॅरनहाइटच्या, म्हणजे आपल्या १८.३ अंशांच्या, किती वर किंवा किती खाली गेली ते मोजायचं आणि महिन्याची बेरीज करायची. त्या बेरजेवर पैसे. भाच्याला सांगताना मी शहर दिल्लीच धरलं, कारण मला तेच कळतं.

खान्देशी माणूस इथे पहिल्यांदा फसतो तो हिवाळ्यात. पारा पाच अंशांवर गेला की टीव्हीवाले ओरडतात आणि आपल्याला वाटतं, हाच सगळ्यात थंड दिवस. पण ती रात्र निरभ्र असते, दुसऱ्या दिवशी छान ऊन पडतं आणि कमाल बावीसपर्यंत जातं. सरासरी साडेतेरा. याउलट दाट धुकं बसलं की किमान आठच्या खाली जात नाही, पण सूर्यच दिसत नसल्याने दुपारीही पारा चौदावर अडकतो. सरासरी अकरा. बातमीत गाजलेला दिवस हिशेबात ऊबदार निघतो! आपल्याकडे असं दिवसदिवस टिकणारं धुकं नसतंच, म्हणून ही गोष्ट आपल्या अंगात मुरलेली नाही. जळगावच्या माणसाला थंडी म्हणजे पहाटेची थंडी.

पावसाळ्याचंही तसंच. मेमध्ये ४४ आणि २९, सरासरी साडेछत्तीस. जुलैत पाऊस लागला, "गार झालं" म्हणतात, पण आकडे असतात ३५ आणि २८. सरासरी साडेएकतीस. म्हणजे बेरजेत दिवसाला फक्त पाच अंश कमी. रात्र तापलेलीच राहते. वर दमटपणा सौद्यात कुठेच मोजला जात नाही. घाम कितीही येवो, पैसे थर्मामीटरवरच ठरतात. १९ जून २०२४ ला दिल्लीची विजेची मागणी ८,६५६ मेगावॅटवर गेली, तेव्हा सफदरजंगचं, म्हणजे दिल्लीच्या मुख्य हवामान केंद्राचं, किमान तापमान ३५.२ होतं. किमान हो! एवढं तर आपल्याकडे जानेवारीत भर दुपारीही नसतं.

मला खरी गंमत वाटते ती सरासरीच्या आजूबाजूची. महिन्याची सरासरी कुणालाही मिळते, त्यात कमाई कसली? बघायचं असतं ते आकडे कुठल्या आठवड्यात पसरतात आणि कुठे आवळतात. ऑगस्टमध्ये दिल्लीचं कमाल दोन-तीन अंशांत घुटमळतं, तिथे भारी अंदाज बांधून उपयोग नाही. मेमध्ये मात्र राजस्थानकडून कोरडा वारा असला तर लू, म्हणजे भाजणारी झळ, आणि चव्वेचाळीस-पंचेचाळीस. वारा फिरून पुरवैया, म्हणजे पूर्वेची हवा, सुरू झाली की कमाल उतरतं, पण दमट हवेमुळे किमान चढतं. मधेच एखादा पश्चिमी झंझावात, म्हणजे पश्चिमेकडून सरकत येणारा वादळी पट्टा, नाहीतर धुळीची आंधी. संध्याकाळी सहाला आंधी आली आणि पारा तासाभरात दहा अंश उतरला, तरी कमाल दुपारी तीनलाच नोंदलं गेलेलं असतं. आंधी खाली ओढते ते किमान. व्हॉट्सॲपवर "वादळ आलं, आता गरमी संपली" वाचून अंदाज लिहिणारे इथेच आपटतात.

आणि कुठलं थर्मामीटर, हे आधी विचारा. २९ मे २०२४ ला मुंगेशपूरच्या केंद्राने ५२.९ दाखवलं, देशभर बोंब झाली. नंतर हवामान खात्याने तपासलं, तर तिथला सेन्सर सुमारे तीन अंश जास्त दाखवत होता. त्याच दिवशी सफदरजंगला ४६.८ होते. शहर एक, आकडे दोन, आणि सौदा ज्याच्यावर लिहिलाय तोच खरा.

भाच्याला हे नवं वाटलं. मी म्हटलं, अरे, तुझा आजोबा हाच सौदा दरवर्षी करतो! केळीच्या हवामानावर आधारित विम्यात हिवाळ्यात सलग तीन दिवस किमान ८ अंश किंवा त्याखाली गेलं तर भरपाई मिळते, आणि हे आठ अंश महसूल मंडळातल्या स्वयंचलित केंद्रावरचे. आपल्या पिलबागेत, म्हणजे पिलांवर धरलेल्या केळीत, चरका (थंडीचा फटका) बसला का, हा प्रश्नच नाही. दोन रात्री सात आणि तिसरी साडेआठ, तर काही नाही.

त्यासाठीही दिल्लीच बघतो मी. झंझावात हिमाचलात बर्फ टाकून पुढे सरकला, दिल्लीचं आभाळ मोकळं झालं आणि वारा उत्तरेचा लागला, की गार हवा खाली सरकत तापीकाठी पोचते. या डिसेंबरपासून वहीत दोन रकाने आखणार आहे, एक सफदरजंगच्या किमानाचा, दुसरा आमच्या मंडळाचा. दोन्हींत किती दिवसांचं अंतर पडतं ते बघू. पाऊस-बिऊस पडून ढग राहिले तर ती नोंद वेगळ्या शाईने.