पंखा फिरतोय, लाईट लागतीय, पण स्क्रीनवर काय येईना

पावसाळा लागला की ‘पीसी चालू होतोय पण काय येतच नाही रे’ हा फोन मला ठरलेला. आणि दरवेळी समोरचा माणूस आधीच घाबरलेला असतो, कारण कुणीतरी त्याला सांगून टाकलेलं असतं की मदरबोर्ड गेला, जुना झालाय, आता नवीनच घ्या. मला याचा मनापासून त्रास होतो. बोर्ड खरंच जातात, नाही असं नाही, पण मशीन नेमकं कुठं अडकलंय हे न बघताच बोर्ड गेला म्हणणं म्हणजे ताप आलाय म्हणून थेट ऑपरेशनला घेण्यासारखं आहे.

परवा मामांचा असाच फोन आला. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात त्यांचं छोटं वर्कशॉप आहे, लेथ, ग्राइंडर, आणि कोपऱ्यातल्या केबिनमध्ये एक जुना डेस्कटॉप ज्यात सगळी ड्रॉइंगं, कोटेशनं आणि टॅली. "पंखा फिरतोय रे, पण स्क्रीन काळीच. दुकानवाला म्हणतोय बोर्ड बदलूया आणि विंडोज नवीन टाकूया, टाकू दे काय?" म्हटलं मामा थांबा, फॉरमॅट तर अजिबात करू देऊ नका, मी संध्याकाळी येतोय.

आता एक गोष्ट सगळ्यांनी समजून घ्या, कारण तिथंच निम्मं काम होतं. बटण दाबलं की पॉवर सप्लाय १२, ५ आणि ३.३ व्होल्ट द्यायला लागतो, आणि पंख्याला लागतात फक्त १२ व्होल्ट, म्हणजे प्रोसेसर जागा झाला नसला तरी पंखा मस्त फिरतो. पंखा फिरतोय यावरून एवढंच कळतं की सप्लाय थोडाफार जिवंत आहे. सप्लायनं ‘पॉवर चांगली आहे’ असा सिग्नल दिल्यावर प्रोसेसर बायोस, म्हणजे बोर्डवरच्या चिपमधला सुरुवातीचा प्रोग्राम, वाचायला लागतो, मग रॅम तपासतो, मग ग्राफिक्स, आणि हे सगळं पास झालं की मग बूट करायला डिस्क शोधतो. या तपासणीला पोस्ट म्हणतात. त्यामुळं पहिला प्रश्न कायम हाच, पोस्टच्या आधी अडकलंय का नंतर? स्क्रीनवर कंपनीचा लोगो किंवा कसलाही मेसेज आला तर बोर्ड, रॅम, प्रोसेसर बहुतेक ठीक आहेत आणि घोळ डिस्क, सेटिंग किंवा विंडोजमध्ये आहे. काहीच आलं नाही तर विंडोजचा संबंधच नाही, तिथं विंडोज टाकून काय होणार?

काळी स्क्रीन असेल तर कीबोर्डवरचं नम लॉक दाबून बघा. लाईट लागते-विझते का? लागत असेल तर मशीन पुढं गेलंय आणि मॉनिटर किंवा केबलकडं बघायला पाहिजे. ग्राफिक्स कार्ड असताना केबल बोर्डच्या एचडीएमआयला लावलेली बऱ्याचदा सापडते, आणि इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावात शेवटी एफ आहे त्यात आतलं ग्राफिक्सच नसतं, म्हणजे बोर्डच्या पोर्टमधून कधीच काही येणार नाही. हे बघायला एक मिनिट लागतं, आधी एवढं कराच.

मामांच्या मशीनचं नम लॉक मेलेलं. मग भिंतीवरचं बटण बंद, वायर काढली, पॉवर बटण थोडा वेळ दाबून धरलं म्हणजे उरलेला करंट निघून जातो, आणि साईडचं पॅनल उघडलं तर आत ग्राइंडरची बारीक लोखंडी धूळ आणि तेलाचा थर. उद्यमनगरातल्या कुठल्याही वर्कशॉपमधलं मशीन उघडा, हेच दिसेल. साधी धूळ फक्त गरम करते, पण लोखंडाची धूळ करंट वाहून नेते आणि पावसाळ्याच्या दमटपणात तेलासकट चिकटून बसते, म्हणून मला तिची जास्त भीती वाटते. बाहेर अंगणात नेऊन ब्लोअर मारला, मारताना पंखा बोटानं धरून ठेवायचा, नाहीतर तो जोरात फिरून खराब होतो. मग दोन्ही पॉवर कनेक्टर हलवून बघितले, मोठा २४ पिनचा आणि प्रोसेसरजवळचा ४ किंवा ८ पिनचा, हा छोटा लई लोक विसरतात, तो निघाला असला तरी पंखा फिरतो आणि स्क्रीन काळीच राहते. ते घट्ट होते.

बोर्डला छोटा स्पीकर लावला, चालू केलं तर एकसारखे लांब बीप. बीपचा अर्थ बायोसप्रमाणे बदलतो म्हणून बोर्डच्या मॅन्युअलमध्ये बघायचं, पण हा बीप रॅमचाच होता. नवीन बोर्डवर याच्यासाठी छोट्या लाईट असतात, सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स), बूट (डिस्क), जी लागून राहील तिथं अडकलंय समजा. (डीडीआर५ या नवीन प्रकारच्या रॅमवाल्या मशीनला पहिल्यांदा चालू करताना रॅम जुळवून घ्यायला काही मिनिटं लागू शकतात, तिथं घाई करून बंद करू नका.) मशीन परत बंद करून वायर काढली, रॅम काढली, सोनेरी पट्टी खोडरबरनं हलक्या हातानं पुसली, स्लॉट कोरड्या ब्रशनं साफ केला, आणि एकच स्टिक टक्क आवाज येईपर्यंत दाबून बसवली. स्क्रीन आली! मामांचा चेहरा बघायला पाहिजे होता. "म्हंजे बोर्ड चांगलाय की!"

पण लगेच दुसरं पुढं आलं. तारीख बरीच वर्षं मागं गेलेली, बायोसनं सेटिंग उडाल्याचा मेसेज दिला, आणि पुढं ‘रिबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस’. इथं बरेच जण हार्ड डिस्क गेली म्हणून मोकळे होतात. मी बायोसमध्ये गेलो तर डिस्क नावासकट दिसत होती. मग बोर्डवरची गोल बॅटरी काढून मल्टिमीटरवर बघितली, सीआर२०३२ नवीन असताना ३ व्होल्टच्या आसपास असते, ही लई खाली होती. बॅटरी मेली, त्यात वायर काढून मशीन पूर्ण बंद झालेलं, म्हणून सेटिंग कंपनीच्या मूळ जागी गेली. मामांचं विंडोज एमबीआर म्हणजे जुन्या पद्धतीनं मांडलेल्या डिस्कवर, आणि बोर्डची मूळ सेटिंग फक्त युईएफआयची, म्हणजे नवीन बूट पद्धतीची, मग त्याला ती डिस्क बूट करण्यालायक वाटणारच नाही. नवीन बॅटरी घातली, सीएसएम, म्हणजे जुन्या पद्धतीनं बूट करू देणारी सेटिंग, चालू केली, डिस्कशी बोलायचा साटा मोड एएचसीआय आहे का बघितलं (हा मोड बदलला तर विंडोज निळी स्क्रीन दाखवतं), बूटमध्ये डिस्क वर घेतली, सेव्ह केलं, आणि टॅलीसकट सगळं जसंच्या तसं आलं.

म्हणजे त्या दिवशी फॉरमॅट करून विंडोज नवीन टाकलं असतं तर डिस्क आणि विंडोज चांगलं असताना वर्षानुवर्षांची ड्रॉइंगं गेली असती. याच गोष्टीसाठी मी हे सगळं लिहितोय. बोर्ड बदलला तरी डाटा डिस्कवर असतो. कुणी फॉरमॅट म्हटलं की आधी डिस्क काढून यूएसबीच्या केबलनं दुसऱ्या मशीनला लावा आणि फायली काढून घ्या, मग काय करायचं ते करा. विंडोज ११ च्या मशीनवर बिटलॉकर, म्हणजे डिस्कचं कुलूप, चालू असू शकतं, तिथं रिकव्हरी की लागते, ती मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये आहे का ते बायोसला हात लावायच्या आधीच बघा.

पुराच्या पाण्यात गेलेल्या मशीनला मात्र यातलं काहीच लागू नाही. २०१९ ला आणि २०२१ ला शाहूपुरी, व्हीनस कॉर्नरकडं पाणी आलं तेव्हा लोकांनी वरून वाळलं म्हणून मशीन चालू केली. चिपच्या खाली आणि स्लॉटमध्ये गाळ राहतो, तो वरून दिसत नाही. असं मशीन लावूच नका, डिस्क काढून नीट जाणकाराकडं द्या.

मामांनी कॅबिनेट आता ग्राइंडरपासून लांब, टेबलावर घेतलंय, आणि बायोसच्या सेटिंगचे फोटो मी त्यांच्या मोबाईलमध्ये काढून ठेवलेत. बॅटरी पानपट्टीशेजारच्या घड्याळवाल्याकडं मिळाली, चाळीस रुपयांना.