ओदेओनचा खरा पत्ता

ब्राझीलमधल्या रिओमध्ये पियानोचा माग काढत आलेले बहुतेक जण सिनेलांदिया चौकातल्या ओदेओन चित्रपटगृहासमोर फोटो काढतात. पियानोवादक आणि संगीतकार एर्नेस्तो नाझारेथ (1863–1934) इथेच वाजवत, असा समज. पण ही इमारत 1926ची. नाझारेथ ज्या ओदेओनमध्ये वाजवत, ते मेट्रोचं एक स्टेशन अलीकडे, रिओ ब्रांको आणि सेते दे सेतेंब्रो या रस्त्यांच्या कोपऱ्यावर होतं. म्हणून मी कारिओका स्टेशनवर उतरलो. त्या थेटराचं आता काही उरलेलं नाही. भाग कचेऱ्यांचा, शनिवार-रविवारी ओस पडणारा. तेव्हा कामाच्या वारी या.

नाझारेथ पडद्यापुढे नव्हे, बाहेर प्रतीक्षादालनात वाजवत. लोक तिकीट काढून तिथेच रेंगाळत. ‘ओदेओन’ ही रचना याच थेटराच्या मालकांना अर्पण केलेली आहे. ती बिघडते ती डाव्या हातामुळे. सुरुवातीला चाल खाली, डाव्या हातात आहे, गिटारच्या खर्जासारखी. उजवा हात नुसते स्वरसमूह भरतो. बहुतेक जण सवयीने उजवा हात ठासून वाजवतात आणि चालच हरवते. आधी आठवडाभर एकटा डावा हात वाजवा, पेडलला पाय न लावता.

लय बोटांवर मोजायची तर अशी: दोन मात्रा, प्रत्येकीचे चार तुकडे. पहिल्या मात्रेत एक-दोन-एक, दुसरीत दोन-दोन. मधला लांब स्वर किंचित दाबायचा. तो मात्रेवर ओढून आणलात की सगळं कवायतीसारखं वाजतं. ‘आपान्येइ-ची, कावाकिन्यु’मध्ये तर डावा हात कावाकिन्यु या चार तारांच्या छोट्या वाद्याची छेड काढतो आणि उजवा बासरीसारखा धावतो. हल्ली ती शर्यत लावल्यागत वाजवतात. डाव्या हाताची छेड ऐकू येईनाशी झाली की वेग जास्त झाला, एवढी खूण पुरे.

छापील प्रतीवर ‘ब्राझिलियन टँगो’ लिहिलेलं पाहून अर्जेंटिनाकडे बघू नका. नाच होता मशीशी; पण तो बदनाम, म्हणून सभ्य घरांत खपेल असं नाव.

ही बदनामी किती खोल होती ते कातेते राजवाड्यात, म्हणजे आजच्या प्रजासत्ताक संग्रहालयात कळतं. (स्टेशनचं नाव लिहितात ‘कातेते’, रिओचे लोक म्हणतात ‘कातेची’. रस्ता विचारताना ‘कातेची’च म्हणा.) 1914मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी नाइर दे तेफे यांनी इथल्या मेजवानीत संगीतकार शिकिन्या गोंझागा यांचं ‘कोर्ता-जाका’ हे मशीशी गिटारवर वाजवलं. सिनेटर रुई बार्बोझा यांनी त्यावरून सिनेटमध्ये आगपाखड केली. शिकिन्याबाईंनी 1877मध्येच ‘आत्राएंते’ ही पोल्का (नाचाची रचना) छापून नाव कमावलं होतं. पियानोवर नवशिक्याने या पोल्कापासूनच सुरुवात करावी असं माझं मत; हात फार ताणावा लागत नाही.

बोताफोगो स्टेशनपासून संगीतकार व्हिला-लोबोस यांचं संग्रहालय चालत जाण्याजोगं आहे, सोरोकाबा रस्त्यावर. इथे प्रकरण अवघड होतं. ‘प्रोले दो बेबे’ (1918) या बाहुल्यांच्या मालिकेतला ‘पोलिशिनेलो’ पियानोवादक रुबिनस्टाइन यांनी जगभर नेला. त्यात एक हात पांढऱ्या पट्ट्यांवर, दुसरा काळ्यांवर, आळीपाळीने, अतिवेगात. दोन्ही हात एकमेकांत अडकतात, ते कोणता वर आणि कोणता खाली हे आधी न ठरवल्यामुळे. ठरवा, प्रतीवर पेन्सिलीने लिहा, मगच वेग वाढवा. मनगट आखडलं तर थांबा.

आणि एक. व्हिला-लोबोस यांनी आपल्या ‘शोरोस’ मालिकेतली पहिली रचना (1920) नाझारेथना अर्पण केली. ती पियानोसाठी नाही, गिटारसाठी आहे.