पाठ खाजवणारी मुलगी

पॅरिसमधील पहिले दोन दिवस आयफेल मनोरा, सेन नदीतील बोट आणि पाऊस यांत संपले. त्यांबद्दल लिहावे असे काही घडले नाही. तिसऱ्या दिवशी आमच्या सहल कंपनीने म्युझे दॉर्सेसाठी अवघा दीड तास ठेवला होता आणि तेवढ्यात व्हॅन गॉग पाहून, मोठ्या घड्याळापाशी फोटो काढून सर्वांनी खाली यावे, असा दम मार्गदर्शकाने बसमध्येच भरला होता. १९०० सालच्या रेल्वे स्थानकात १९८६ मध्ये हे संग्रहालय सुरू झाले. परंतु त्या दिवशीची रेटारेटी पाहता, गाड्या बंद झाल्याचे लोकांना अजून कोणी कळवले नसावे, असे वाटत होते.

त्या गर्दीला कंटाळून मी बाजूला सरकले आणि एद्गार देगा यांच्या ‘नृत्यवर्गा’समोर उभी राहिले. १८७३ ते १८७६ या काळात रंगवलेले हे तैलचित्र जेमतेम ८५ बाय ७५ सेंटिमीटरचे आहे. बॅले म्हटल्यावर चवड्यांवर तोललेली, परीसारखी तरंगणारी नर्तकी माझ्या डोळ्यांपुढे येत असे. इथे मात्र पुढेच, डावीकडे, एक मुलगी चक्क पियानोवर चढून बसली आहे आणि हात मागे वळवून पाठ खाजवते आहे. तिच्याजवळ हिरव्या पट्ट्याची, केसांत लाल फूल माळलेली मुलगी आपल्याकडे पाठ करून उभी आहे. खाली एक लहानसे कुत्रे आहे आणि पियानोखाली झाडांना घालतात तशी पाण्याची झारी. मध्यभागी काठी टेकून उभे असलेले वृद्ध गुरुजी म्हणजे ज्यूल पेरो, एके काळचे नामवंत नर्तक. १८४१ च्या ‘जिझेल’ या बॅलेच्या नृत्यरचनेत त्यांचाही हात होता. त्यांच्याकडे लक्ष देणाऱ्या मुली थोड्या आहेत; बाकीच्या गळपट्टा सारखा करताहेत, आळसावून भिंतीला टेकल्या आहेत किंवा नुसत्याच वाट पाहताहेत.

आणि अगदी मागे, दूरच्या भिंतीशी, त्यांच्या आया बसल्या आहेत.

तिथे मला हलता येईना. मुलीच्या भरतनाट्यमच्या वर्गाबाहेर मी सलग नऊ वर्षे, आठवड्यातून दोनदा, भाजीची पिशवी मांडीवर घेऊन जिन्यात बसले आहे. बाईंची काठी लाकडी ठोकळ्यावर पडत असे, आणि प्रत्यक्ष नाच त्या दोन तासांत फार तर वीस मिनिटे होई. उरलेला वेळ घुंगरांच्या गाठी सोडण्यात, पाणी पिण्यात आणि घाम पुसण्यात जाई. अरंगेत्रमचा, म्हणजे तिच्या पहिल्या जाहीर नृत्यप्रयोगाचा, अल्बम आम्ही पाहुण्यांना उत्साहाने दाखवतो. त्या जिन्यातल्या वेळाचा मात्र एकही फोटो आमच्याकडे नाही. मला तेव्हा त्याचा कंटाळा येत असे, हे आता कबूल करायला हरकत नाही. देगांनी नेमका तोच कंटाळा रंगवला आहे, तोही इतक्या मन लावून की तिरप्या जाणाऱ्या जमिनीची फळी न् फळी मोजता यावी.

माझ्या पुढ्यात येऊन एका जोडप्याने चित्राकडे पाठ करून सात वेळा फोटो काढला. सातही वेळा त्यांच्या डोक्यांमागे त्या आया झाकल्या गेल्या, याचा मला आलेला राग अजून पुरता गेलेला नाही.

व्हॅन गॉग राहून गेला. बसमध्ये चढले तेव्हा चौतीस माणसे माझी वाट पाहत होती आणि मार्गदर्शकाने घड्याळ माझ्यासमोर धरले. मी माफी मागितली, पण मनापासून नाही. रात्री बंगळुरूला लेकीला चित्राचा फोटो पाठवला आणि पूर्वी जमिनीवरची धूळ बसावी म्हणून त्या झारीने पाणी शिंपडत, हेही कळवले. तिचे उत्तर लगेच आले: “आई, आमच्या वर्गातल्या सतरंजीखाली केवढी धूळ असायची! तुम्ही सगळ्या नुसत्या बाहेर बसून होतात, एक झारी आणता आली नाही?”