आम्लाला काय कळतंय!

आज दिवसभर केल्डाल, म्हणजे अन्नातली प्रथिनं मोजायची पद्धत. पिठाचे नमुने, तीव्र सल्फ्युरिक आम्ल, पोटॅशियम सल्फेट, चिमूटभर कॉपर सल्फेट आणि वाफा ओढून घेणाऱ्या फ्यूम हूडखाली आच. आधी नळीत सगळं काळंकुट्ट होतं, फेसाळतं, मग तासाभराने निवळायला लागतं आणि शेवटी स्वच्छ हिरवट-निळं. कितीही वेळा पाहिलं तरी मी तिथेच रेंगाळते. (उभं राहायची गरज नसते, हे खरं.)

योहान केल्डालने ही पद्धत १८८३ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत बसवली. गंमत म्हणजे यात प्रथिनं मोजलीच जात नाहीत. मोजतो तो नायट्रोजन. प्रथिनांत तो साधारण १६ टक्के असतो असं धरून ६.२५ ने गुणायचं. गव्हाला ५.७, दुधाला ६.३८. पाकिटावरचा प्रथिनांचा आकडा बहुतेकदा असाच गुणाकारातून येतो.

आणि नायट्रोजन कुठून आला, हे आम्लाला थोडंच कळतंय? २००८ मध्ये चीनमध्ये पाणी घातलेल्या दुधात मेलामाइन हे औद्योगिक रसायन मिसळलं गेलं, ते नेमकं याच भरवशावर. त्यात ६६ टक्के नायट्रोजन, पोषण शून्य. जवळपास तीन लाख बाळं आजारी पडली, कित्येकांना मूतखडे झाले.

नायट्रोजन मोजायची दुसरी, ड्यूमाची ज्वलन पद्धत झटपट, आम्लाच्या वाफांची कटकट नाही. पण फसायची ती तश्शीच!

उद्या ऊर्ध्वपातन आणि टायट्रेशन, म्हणजे नायट्रोजनची प्रत्यक्ष मोजणी. ब्लँक (पिठाशिवायची चाचणी) आधी लावणार, नाहीतर रसायनांतला नायट्रोजनही पिठाच्या खात्यावर जमा.