भाचीचा कॅरियोटाइप रिपोर्ट

ताईच्या मुलीला डाऊन सिंड्रोम आहे कळलं तेव्हा आमच्या इंदूरच्या घरात सगळ्यात आधी ग्रहणाचा विषय निघाला, म्हणे ताईने तेव्हा भाजी चिरली होती, आणि ती बिचारी मुकाट ऐकत बसायची. मला फार राग यायचा. मग कॅरियोटाइपचा, म्हणजे गुणसूत्रांच्या तपासणीचा रिपोर्ट आला, गुणसूत्रांच्या जोड्या उंचीप्रमाणे ओळीत लावलेल्या, शाळेच्या प्रार्थनेला मुलं उभी करतात तशा, आणि २१ नंबरपाशी दोनच्या जागी तीन. हे जास्तीचं गुणसूत्र फ्रान्समध्ये १९५९ सालीच जाहीर झालंय हो, तरी अजून ग्रहण! बहुतेक वेळा बीजपेशी (स्त्रीबीज किंवा शुक्राणू) बनताना जोडी सुटत नाही म्हणून असं होतं, आईच्या खाण्यापिण्याने किंवा भाजी चिरल्याने नाही. थोड्या केसेसमध्ये २१ नंबर दुसऱ्याच गुणसूत्राला, बऱ्याचदा १४ ला, चिकटलेला असतो, तेव्हा आईबाबांचीही टेस्ट करतात कारण त्यांच्यातला एकजण नेहमीच्या ४६ ऐवजी ४५ गुणसूत्रं घेऊनही ठणठणीत असू शकतो आणि पुढच्या बाळासाठी ते कळायला हवं. आमच्याकडे तसं निघालं नाही. पण हृदयाची इको, म्हणजे सोनोग्राफी, लगेच केली, अशा जवळपास निम्म्या बाळांच्या हृदयात दोष असतो, ती टाळूच नका.

रिपोर्ट मी सगळ्यांसमोर मराठीत समजावून सांगितला. आजीने दोनदा विचारलं, "म्हणजे पोरीची काही चूक नाही ना?" नाही आजी, कोणाचीच नाही.