थ्रोन रूमखाली मेजवानी: एकच पत्ता, दोनदा फायदा

आमच्या ओसरीवर मेंढीकोटच्या हुकमावरून होत नाहीत एवढे वाद डोमिनियन या पत्त्यांच्या खेळातल्या थ्रोन रूम या एका पत्त्यावरून होतात. मला ते वाद आवडतात. वाद घालायच्या निमित्ताने माणसं पत्ता नीट वाचायला लागतात.

खेळ माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: डोनाल्ड एक्स. व्हॅकारिनो यांनी बनवलेला हा खेळ २००८ साली आला. सुरुवातीला प्रत्येकाकडे सात कॉपर आणि तीन इस्टेट एवढेच पत्ते. पुढची गड्डी खेळता खेळता विकत घेत वाढवायची. आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावी कापसाची वेचणी चालू असली तरी रात्री जेवणं आटोपली की वहिनी, पुतण्या, शेजारचे दादा आणि मी, असे चौघं सतरंजीवर बसतोच.

तर थ्रोन रूम. हातातला एक ॲक्शन पत्ता, म्हणजे खेळल्यावर काहीतरी करायला सांगणारा पत्ता, निवडायचा आणि तो दोनदा खेळायचा. परवा वहिनींनी त्याखाली फीस्ट, म्हणजे मेजवानी, ठेवला. फीस्ट सांगतो: हा पत्ता ट्रॅश करा (म्हणजे खेळातून कायमचा काढून टाका), मग पाचपर्यंत किमतीचा एक पत्ता घ्या. वहिनींनी पहिल्यांदा लॅबोरेटरी घेतली आणि दुसरीसाठी हात पुढे केला, तर पुतण्या उसळलाच.

"काकू, पत्ता तं ट्रॅश झाला ना! आता दुसरा कायचा घेता?"

"मंग? थ्रोन रूमनं दोनदा खेळ म्हटलं ना त्याले?"

वहिनी बरोबर होत्या. दुसऱ्या खेपेला फीस्ट ट्रॅश करता येत नाही, कारण तो आधीच गेलेला असतो. पण पत्ता घेण्यासाठी ट्रॅश झालाच पाहिजे, अशी अट फीस्टवर कुठेच नाही. दोन स्वतंत्र सूचना आहेत. पहिली जमली नाही तर ती सोडायची आणि दुसरी पाळायची. फायदा दोनदा.

आता याच्या शेजारी इंट्रीग या पुढच्या संचातला मायनिंग व्हिलेज ठेवा. आमच्याकडच्या जुन्या छपाईत त्यावर लिहिलंय की हवं तर हा पत्ता ट्रॅश करा, केलात तर दोन नाणी मिळतील. थ्रोन रूमखाली तो खेळला तर पत्ते आणि ॲक्शन (आणखी ॲक्शन पत्ते खेळायची मुभा) दोन्ही खेपांना मिळतात, नाणी मात्र एकदाच. दुसऱ्या खेपेला ट्रॅश करायला पत्ता जागेवर नसतो, म्हणून अट पुरी होत नाही. हे दोन पत्ते जोडीने समजले की थ्रोन रूमचे निम्मे वाद मिटतात. (२०१६ च्या दुसऱ्या आवृत्तीतून फीस्ट काढून टाकला. मला त्याचं अजून वाईट वाटतं, नियम शिकवायला त्याच्याइतका चांगला पत्ता नव्हता.)

थ्रोन रूमवर थ्रोन रूम लावली तर एकच पत्ता चारदा खेळता येतो, असं दादांना वाटायचं. तसं नाही. खालची थ्रोन रूम दोनदा खेळली जाते आणि प्रत्येक वेळी हातातला एक नवा पत्ता निवडते. म्हणजे दोन पत्ते, प्रत्येकी दोनदा.

मोट (खंदक) या पत्त्याचंही असंच आहे, लिहिलंय तेवढंच वाचायचं. समोरच्याने मिलिशिया हा अटॅक, म्हणजे इतरांना हातात तीनच पत्ते ठेवायला लावणारा हल्ल्याचा पत्ता, खेळला की हातातला मोट दाखवायचा, आपले पत्ते वाचतात. पण मिलिशियाची दोन नाणी खेळणाऱ्याला मिळतातच, मोट ती अडवत नाही. आणि कौन्सिल रूममुळे सगळ्यांना मिळणारा एकेक पत्ता मोट दाखवून नाकारता येत नाही, कारण कौन्सिल रूम हा अटॅकच नाही.

वहिनी हे फार छान वापरतात. आधी व्हिलेज (त्याने पुढचे दोन ॲक्शन पत्ते खेळता येतात), मग कौन्सिल रूम, आणि त्यावर मिलिशिया. आम्ही खुशीत सहावा पत्ता उचलतो आणि लगेच तिघांनाही तीन पत्त्यांवर यावं लागतं. त्या मिलिशियाला थ्रोन रूम लावली तरी आमचं आणखी काही जात नाही, हातात तीनच उरलेले असतात. वहिनींची नाणी तेवढी चार होतात.